महाराजांची चिलीम आणि आपली पुडी



गेल्या वर्षी दत्तजयंतीच्या आधी पंधरा-वीस दिवस मंडळाची नेहमीची बैठक होती. वर्गणी, मांडव, सप्ताहाला बसणाऱ्यांची यादी, महाप्रसादाचा आचारी, सगळं बोलून झालं आणि चहा आला. तेवढ्यात आमचा एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "या वर्षी पादुकांशेजारी शंकर महाराजांचा फोटो ठेवतोय ना, मग त्यांच्यापुढे सिगारेटही लावू या. धनकवडीला लावतात."

क्षणभर सगळे गप्प. मग एकदम सगळे बोलायला लागले. एक आजोबा म्हणाले, "दत्ताच्या मांडवात सिगारेट? उद्या बाटली ठेवाल." तो म्हणाला, "आजोबा, एकदा मठात जाऊन बघा तरी. उदबत्तीसारखी लावतात, हात जोडतात. लोकांचा भाव आहे." महिला मंडळाच्या एक वहिनी म्हणाल्या, "भाव असू दे हो, पण धूर माझ्या नातवाच्या नाकात जाणार त्याचं काय?" कोणीतरी शेगावची चिलीम काढली, कोणी शिर्डीची. "महाराजांना चालत होतं, आपण कोण ठरवणारे?" हे वाक्य तर तीन वेगवेगळ्या तोंडांतून आलं.

भिंतीला टेकून आमचे काका बसले होते. नाव लिहीत नाही, जुन्या मंडळींना कळेलच. बावीस वर्षं आपल्या सप्ताहात गुरुचरित्राचं वाचन त्यांनी केलं. तीन वर्षांपूर्वी गालाचं ऑपरेशन झालं, जबड्याचा काही भाग काढला, तेव्हापासून शब्द नीट उमटत नाहीत, म्हणून बोलायचं त्यांनी जवळजवळ सोडलंय. त्यांनी पावतीपुस्तक मागून घेतलं, एका पावतीच्या पाठीवर दोन ओळी लिहिल्या आणि माझ्याकडे सरकवल्या. "सात दिवस सोडत होतो. आठव्या दिवशी कोणी विचारलं नाही."

बैठक निर्णय न होताच संपली. ती पावती अजून माझ्या पोथीत आहे. अंकासाठी काहीतरी लिहा असं संपादकांनी सांगितल्यावर दुसरं काही सुचेना.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करू. आपल्या परंपरेत तंबाखू आहे. ती झाकण्यात अर्थ नाही. शेगावच्या गजानन महाराजांच्या हाती चिलीम आहे, फोटोत आहे, मूर्तीत आहे, दासगणूंच्या पोथीत आहे. साईबाबांच्या द्वारकामाईत धुनी होती आणि चिलीमही होती. साईसच्चरिताच्या पाचव्या अध्यायात धूपखेड्याच्या चांद पाटलाची हरवलेली घोडी आठवा. बाबांनी त्याला चिलीम ओढायला बसवलं, विस्तव नव्हता तर चिमटा जमिनीत मारून निखारा काढला, पाणी नव्हतं तर सटका आपटला. आणि अक्कलकोट स्वामींना गुरू मानणारे शंकर महाराज, ज्यांनी १९४७ साली पुण्यात देह ठेवला, ते सिगारेट ओढत असत. धनकवडीच्या समाधीपुढे भक्त आजही सिगारेट पेटवून ठेवतात. मी स्वतः पाहिलंय. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दचकलो, दुसऱ्यांदा डोळे भरून आले. कारण ठेवणारा माणूस ज्या हळुवारपणे ती ठेवत होता, तसं एखादी आई परगावी गेलेल्या मुलाच्या फोटोपुढे त्याच्या आवडीचा लाडू ठेवते. त्या हाताची थट्टा करायची माझी हिंमत नाही.

पण दत्तसंप्रदाय म्हणजे एवढंच नाही. याच परंपरेत माणगावचे वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामी, होऊन गेले. हाती दंड, पायी प्रवास, आचाराचा एक धागा ढळू न देणारे. एकाच दत्ताचा एक अवधूत आणि एक दंडी संन्यासी. आपल्या घरांत दोघांचे फोटो शेजारी शेजारी लागलेले असतात आणि कोणालाही त्यात विसंगती दिसत नाही. मजा अशी की अनुकरणाची वेळ आली की आपला हात नेमका अवधूताकडे जातो, आणि तोही त्याच्या चिलमीपाशीच थांबतो. थंडीत उघडं राहावं, उकिरड्यावरची शितं वेचून खावी, सोनं आणि माती सारखी मानावी, हे अनुकरणाला कोणी घेत नाही.

हा प्रश्न काही आजचा नाही. भागवताच्या दशम स्कंधात रासक्रीडा संपल्यावर परीक्षिताने शुकाचार्यांना तोच विचारलाय. धर्म स्थापायला आलेल्याने असं का वागावं? शुकाचार्यांनी दिलेलं उत्तर लोक अर्धंच लक्षात ठेवतात. समर्थाला दोष नाही, अग्नी सगळं खातो तरी अग्नीच राहतो, हे अर्धं. उरलेलं अर्धं असं की ज्याच्या अंगी ते सामर्थ्य नाही त्याने तसं वागायचं मनातसुद्धा आणू नये. रुद्र नसलेल्याने रुद्राची बरोबरी करून हलाहल प्यायलं तर तो मरेल. आणि पुढे तर शुकाचार्य कसोटीच देतात. थोरांचं सांगणं खरं मानावं, वागणं मात्र क्वचित. जे वागणं त्यांच्या सांगण्याशी जुळेल तेवढंच शहाण्याने उचलावं.

ही कसोटी मला फार कामाची वाटते. कारण ती महाराजांना कमी लेखत नाही आणि आपल्यालाही मोकळं सोडत नाही.

यावर आमचा तरुण कार्यकर्ता म्हणाला होता, "पण काका, बाबा तर चिलीम दुसऱ्याच्या हातात द्यायचे. म्हणजे सांगणंच झालं ना ते?" प्रश्न चुकीचा नाही. मी बरेच दिवस त्यावर अडलो होतो. आज मला जे वाटतं ते लिहितो, कोणाला पटेल, कोणाला नाही.

त्या काळी चिलीम कोणाबरोबर ओढायची हे जातीवर ठरत होतं. हुक्कापाणी बंद करणं म्हणजे वाळीत टाकणं, हा शब्दच त्यातून आलेला. चिलमीला गुंडाळलेली ओली छापी एकाच्या तोंडाची दुसऱ्याच्या तोंडाला लागते, तेव्हा पंगतीपेक्षाही जवळचा संबंध येतो. अशा काळात मशिदीत बसलेला एक फकीर ती चिलीम मामलेदाराच्या, ब्राह्मणाच्या, मुसलमानाच्या, शेतकऱ्याच्या हाती फिरवतो. ज्याने ती घेतली त्याने धूर किती घेतला कोण जाणे, पण सोवळं तिथे टाकलं. शेगावची जानकीराम सोनाराची गोष्टही पुन्हा वाचून पाहा. अक्षय तृतीयेचा दिवस, महाराजांच्या चिलमीसाठी पोरं विस्तव मागायला गेली, सणाच्या दिवशी विस्तव देणार नाही म्हणून सोनाराने हाकललं, वर टोमणा मारला. बंकटलालने नुसती काडी धरली आणि चिलीम पेटली. पुढे सोनाराच्या घरच्या चिंचवण्यात किडे निघाले आणि तो शरण आला. या गोष्टीत तंबाखूचं माहात्म्य कुठे आहे? दाराशी आलेल्याला चिमूटभर विस्तव नाकारला, ही त्या गोष्टीतली चूक आहे. आपण गोष्ट ऐकतो आणि विस्तव विसरून चिलीम घरी आणतो.

(तसं पाहिलं तर ते काम आज नाक्यावरची टपरी करते. साहेब आणि शिपाई, कोर्टातला वकील आणि त्याचा अशील, एकाच लायटरवर वाकतात. अनोळखी माणसाला न लाजता मागता येईल अशी एकच गोष्ट या शहरात उरली आहे, "माचिस आहे का?" मी वीस वर्षं ओढली आणि सोडली तेव्हा सगळ्यात जास्त आठवण या वाक्याची आली. तंबाखूविरुद्ध बोलणाऱ्यांना हे सांगितलं की ते रागावतात, पण खरं आहे ते खरं.)

आता 'पूर्वापार चालत आलंय' या म्हणण्याकडे. ज्यांनी गुरुचरित्राचा सप्ताह केलाय त्यांना ठाऊक आहे की पाचव्या दिवशी छत्तिसाव्या अध्यायापासूनचा भाग येतो. उठावं कसं, दात कशाने घासावे, काय खावं, काय टाळावं, सगळा आचार तिथे बारकाईने सांगितलाय. जेवणानंतरचा विडाही आहे. तंबाखू नाही. ना कर म्हणून, ना करू नको म्हणून. कारण साधं आहे. नृसिंह सरस्वती गाणगापुराहून श्रीशैल्याला निघून गेले ते पंधराव्या शतकात, आणि तंबाखूचं झाड तेव्हा समुद्रापलीकडे अमेरिकेत होतं. कोलंबस तिकडे पोचला १४९२ साली. पोर्तुगिजांच्या गलबतांतून ते पान आपल्या किनाऱ्याला लागलं आणि नावही त्यांचंच घेऊन आलं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस विजापूरकडे ते रुळलं होतं. अकबराचा असदबेग नावाचा सरदार विजापूरहून परतताना तंबाखू आणि हुक्का घेऊन गेला, तेव्हा दरबारातल्या वैद्यांनी हे नवीन आहे, घेऊ नका म्हणून हरकत घेतली. जहांगीरने तर १६१७ मध्ये बंदीचा हुकूमच काढला. पुढे आपल्या पंडितांनी 'तमाखु' असं संस्कृत रूप घडवलं, आणि मग काय, संस्कृत झालं म्हणजे सनातन झालं! तर, गुरुचरित्रातल्या विड्यात तंबाखू नव्हती. ती आपण घातली. देवापुढचं तांबूल आणि पानाच्या ठेल्यावरचं पान यांचं एकच नाव राहिलं म्हणून वस्तू एक होत नाही.

भाषा अशीच फसवते. आपल्याकडे तंबाखू 'खातात' असं म्हणतात, पण ती खायची नसतेच, गालात धरायची असते. 'बार भरतात', जशी बंदूक. बायका मिश्री 'लावतात', जणू दंतमंजन. माझ्या आजीला कोणी तंबाखू खाता का विचारलं असतं तर तिने त्याला घराबाहेर काढलं असतं, आणि दिवसातून चार वेळा तिचं बोट मिश्रीने काळं व्हायचं. आणि 'तलफ' हा शब्द तर इतका गोड की भूक-तहानेच्या रांगेत जाऊन बसलाय. पुडीवर गाय छापलेली असते, बिडीच्या बंडलावर देवाचं किंवा राजाचं नाव असतं. २०२०-२१ च्या सुमारास संभाजी बिडीच्या नावावरून आंदोलन झालं आणि ते नाव बदलून साबळे बिडी झालं. योग्यच झालं. पण नाव बदललं, धूर तोच राहिला. आपल्याला बंडलावरच्या नावाचा राग येतो, बंडलाचा येत नाही, हे जरा विचित्र नाही का?

'व्यसन' शब्दाचं तसं नाही. संस्कृतात व्यसन म्हणजे आवड आणि व्यसन म्हणजे संकट, दोन्ही. कीर्तनकार म्हणतात, नामाचं व्यसन लागावं. मला पूर्वी वाटायचं की हा नुसता बोलण्याचा अलंकार. मग प्रश्न पडला, रोज पहाटे न चुकता माळ ओढणारा आणि रोज पहाटे न चुकता पुडी उघडणारा, दोघेही सवयीचेच गुलाम ना? फरक कुठे आहे? एक फरक मला सोडताना कळला. सिगारेट जो आनंद देते म्हणतात तो पहिल्या काही महिन्यांतला. नंतर ती फक्त अस्वस्थपणा घालवते, आणि तो अस्वस्थपणा आधीच्या सिगारेटने आणलेला असतो. धूर ओढला की निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, दोनेक तासांत रक्तातलं निम्मं ओसरतं, आणि माणूस पुन्हा खिसा चाचपतो. स्वतःच लावलेली आग विझवायला माणूस दिवसभर घागर घेऊन धावतो आणि म्हणतो, पाण्यावाचून माझं चालत नाही. माळेचं तसं नाही. एखाद्या दिवशी माळ चुकली तर हुरहूर लागते, हात थरथरत नाहीत, घरच्यांवर खेकसायला होत नाही.

आता काकांच्या आठव्या दिवसाबद्दल. खरं तर हा लेख त्यासाठीच आहे.

काका दुकानात कामाला होते. तंबाखू चौदाव्या-पंधराव्या वर्षी लागली, मोठ्यांनीच लावली, "दात दुखतोय ना, जरा धर गालात." तळहातावर चिमूट, नखाने चुना, अंगठ्याने मळायची, दोन टिचक्या मारून भुकटी उडवायची आणि डाव्या गालात. कायम डाव्याच. चुना कशाला, हे ना त्यांना माहीत होतं ना आम्हाला. 'चव येते' म्हणायचे. चुन्याने तंबाखूतलं निकोटीन मोकळं होऊन गालाच्या आतल्या कातडीतून लवकर भिनतं, ही खरी गोष्ट. चव वगैरे काही नाही. ती कातडी मात्र त्या एकाच जागी वर्षानुवर्षं भाजत राहते. आधी पांढरा चट्टा, मग तिखट लागणं, मग न भरणारी जखम.

पण सप्ताह आला की काका वेगळे होत. वाचनाला बसायचं तर तोंड स्वच्छ हवं. हविष्यान्न, चटईवर झोपणं, वाचन सुरू असताना आसनावरून न उठणं, बाहेरचं बोलणं बंद. आदल्या रात्री चुन्याची डबी आणि पुडी काकूंच्या हातात देत आणि सात दिवस मागत नसत. पहिले दोन-तीन दिवस बघवत नसे. डोकं धरून बसत, घाम फुटे, एकदा दुसऱ्या दिवशी एकविसाव्या अध्यायाच्या शेवटी ओळीच दिसेनात म्हणून डोळे मिटून थांबले होते. तरी वाचन सोडलं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी चेहरा निवळायचा. सातव्या दिवशी अवतरणिका वाचताना आवाज असा लागायचा की रस्त्यावरचे लोक मांडवात येऊन उभे राहायचे. आणि महाप्रसाद झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काकू डबी परत द्यायच्या. आम्ही हसायचो. "काका, उपास सुटला का?" मी स्वतः हे वाक्य बोललोय. एकदा तर पुडी मीच आणून दिली आहे, आहेर दिल्यासारखी.

डॉक्टर सांगतात की तंबाखू सोडल्यावर सगळ्यात कठीण असतात ते पहिले दोन-तीन दिवस. नंतर हळूहळू उतार पडतो, तीन-चार आठवड्यांत शरीराची ओढ बरीचशी सरते. म्हणजे काका दरवर्षी सगळ्यात अवघड चढ चढून जात आणि सपाटी दिसायला लागली की परत खाली उतरत. एकदा नाही, बावीस वेळा. ज्याला सोडता येत नाही तो दुर्बळ, असं आपण म्हणतो. हा माणूस दुर्बळ नव्हता. बावीस वेळा ज्याने तो चढ चढला त्याच्यापुढे मी कोण? मी तर एकदाच चढलो, तेही डॉक्टरांनी दटावल्यावर.

मग चुकलं कुठे? काका आपला दोष स्वतःकडे घेतात, पण त्या पावतीवरचं दुसरं वाक्य आम्हा सगळ्यांना उद्देशून आहे. नियम आम्ही पोथीसाठी पाळला, माणसासाठी नाही. पोथी विटाळू नये म्हणून तोंड स्वच्छ. पोथी रुमालात बांधली की तोंड ज्याचं त्याचं. इथे मला धर्माचाच एक दोष दिसतो, म्हणजे आपण तो जसा पाळतो त्याचा. सोवळं आपण वस्तूचं पाळतो. देवघर, पोथी, मांडव, पादुका स्वच्छ राहतात. आणि ज्या देहात बसून ते सगळं चाललंय त्याला 'नश्वर' म्हणून बाजूला टाकतो. यदुराजाला अवधूताने चोवीस गुरू सांगितले, ते आपल्याला पाठ आहेत. पृथ्वी, वायू, आकाश, कबूतर, अजगर, पिंगला. पण चोवीस सांगून झाल्यावर अवधूत म्हणतो की माझा हा देहही माझा गुरूच आहे, कारण विवेक आणि वैराग्य मला त्यानेच शिकवलं. हा पुढचा गुरू आपण मोजतच नाही. त्या चोवीसांत मासाही आहे. बाकी सगळं पाणी त्याला मोकळं असतं, जिभेपुरता गळ त्याला ओढून नेतो. गळ गिळला तेव्हा तोंडात आमिषच होतं, लोखंड नंतर लागलं. काकांनी त्या माशावर किती वेळा निरूपण केलं असेल! डाव्या गालातला चट्टा तेव्हाही तिथे होता.

सिव्हिल हॉस्पिटलच्या शेजारी आयुष्य गेलं आमचं. तोंडाला रुमाल धरून परळला टाटा हॉस्पिटलात निघालेली माणसं ठाणे स्टेशनवर रोज दिसतात. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातल्या दर शंभर प्रौढांपैकी सुमारे सत्तावीस जण कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेणारे निघाले. त्यांतले धूर काढणारे चारसुद्धा नाहीत, बाकी जवळजवळ सगळे तोंडात धरणारे. म्हणजे धनकवडीच्या सिगारेटवर आम्ही भांडत होतो, आणि त्या बैठकीत बसलेल्या पाच-सहा जणांच्या गालात त्या वेळी पुडी होती. भांडताना मधूनमधून एक-दोघे उठून बाहेर थुंकूनही आले.

एक बाजू राहिली. बैठकीत एकाने विचारलं होतं, टपरीवाल्याचं पोट कसं चालायचं? प्रश्न टपरीपुरता नाही. वाडीला जाणाऱ्या अनेकांनी निपाणी पाहिलं असेल. त्या भागातली तंबाखूची शेतं, वखारी, तंबाखूच्या धुळीत बसून काम करणाऱ्या बाया. १९८१ साली भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तिथले शेतकरी रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात माणसं गेली. सिन्नर-सोलापूरकडे सुपात टेंभुर्णीची पानं घेऊन बिड्या वळणाऱ्या बायकांची घरं त्यावर चालतात. त्यांना पाप लागेल असं म्हणणं मला जमत नाही. गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायात श्रीगुरूंनी अमरापुरातल्या गरीब ब्राह्मणाच्या दारचा घेवड्याचा वेल उपटला. घरात तेवढंच खायचं साधन होतं, बायको रडली. पण वेलाच्या मुळाशी द्रव्याचा हंडा निघाला. वेल उपटण्याचा अधिकार श्रीगुरूंना होता, कारण हंडा कुठे आहे ते त्यांना दिसत होतं. आपण दुसऱ्याचा वेल उपटायचा आणि हंडा मात्र दाखवायचा नाही, हा न्याय नव्हे. सरकारने २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी घातली, ती घालणाऱ्यांनी आणि मागणाऱ्यांनी हंड्याचा विचार किती केला हा वेगळा विषय. मला एवढंच कळतं की दुसऱ्याच्या दारचा वेल उपटायची घाई नको, आपल्या दारी लावलेला मात्र आपला आपण उपटता येतो.

आणि त्या सिगारेटचं काय? मांडवात लावायची की नाही?

मला विचाराल तर, ती लावणाऱ्याशी माझं भांडण नाही, घेऊन परत येणाऱ्याशी आहे. देवाला काही वाहणं म्हणजे त्यावरचा आपला हक्क सोडणं. काशीला गेलेली आपली आजी-आजोबा मंडळी एखादं आवडतं फळ किंवा भाजी तिथे सोडून यायची आणि मरेपर्यंत तोंडाला लावायची नाहीत. पेरू सोडलेली माझी आत्या पेरूवाल्याच्या हातगाडीपाशी थांबून वास घ्यायची आणि पुढे जायची. ते वाहणं. आपण मात्र पाकिटातली एक महाराजांना लावतो आणि उरलेल्या नऊ खिशात ठेवतो, वर त्या नवांना महाराजांची परवानगी मिळाली असं मानतो. नैवेद्याला दाखवलेलं सगळं प्रसाद होऊन परत येतं, हे शिऱ्याला ठीक आहे. जे आपल्याला जाळतं ते महाराजांपुढे ठेवायचं असेल तर सगळं पाकीट ठेवावं आणि रिकाम्या खिशाने परत यावं. तसं करणारा कोणी भेटला तर मांडवात त्याची सिगारेट मी माझ्या हाताने लावीन. वहिनींच्या नातवाला तेवढा वेळ बाहेर फिरवून आणू.

हे मी त्या तरुण कार्यकर्त्याला सांगितलं. तो हसला. म्हणाला, "काका, तुम्ही फार सोपं करून सांगता. मी तीनदा सोडलीय." मी विचारलं, किती दिवस? तो म्हणाला, "एकदा पाच, एकदा बारा, आणि एकदा सप्ताहाला बसलो होतो तेव्हा सात." मग जरा थांबून म्हणाला, "आठव्या दिवशी तुम्हीच टपरीवर भेटला होतात. चहा पाजलात आणि मी पेटवली. तुम्ही काही बोलला नाहीत."

मला आठवतही नव्हतं.

गेल्या वर्षी फोटोपुढे शेवटी नुसता धूप लागला. या वर्षी काय करायचं ते बैठकीत ठरेल, तो माझ्या एकट्याचा विषय नाही. एक गोष्ट मात्र काकांनी लिहून दिली आहे आणि समितीने ती मान्य केली आहे. सप्ताहात ज्यांनी तंबाखू, सिगारेट, मिश्री, जे काही असेल ते बंद ठेवलं असेल, त्यांनी आपली डबी किंवा पाकीट घरी न देता मांडवातल्या पेटीत टाकायचं. ती पेटी परत उघडायची नाही. आणि जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, वद्य प्रतिपदेला, सकाळी सहा वाजता मांडव सोडवायच्या आधी तिथेच यायचं. पुढचे एकवीस दिवसही रोज यायचं. काका असतील, मी असेन. काकूंनी पेटीची किल्ली स्वतःकडे मागून घेतली आहे. ज्याला डॉक्टरी मदत हवी त्याच्यासाठी तंबाखू सोडण्याच्या सरकारी फोनसेवेचा नंबर, १८००-११-२३५६, फळ्यावर लिहिलेला असेल. पैसे लागत नाहीत. बायकांनीही यावं, मिश्रीवाल्यांना कोणी हसणार नाही.

अध्याय वगैरे काही वाचायचा नाही. एकमेकांना 'काल कसा गेला' एवढंच विचारायचं. चहा मिळेल.